घरी वाजवायचा छोटा गिटार ॲम्प कसा पारखावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. "सर, गिटार घेतली, आता ॲम्प कुठला घेऊ?" ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करून ऐकवणारी स्पीकरची पेटी. मी इलेक्ट्रिक गिटार शिकवतो, त्यामुळे दरवर्षी त्याच शंका नव्या आवाजात ऐकतो. त्या इथे लिहून काढल्या आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत: घरी वाजवायचा ॲम्प घरी जेवढ्या आवाजात वाजणार, तेवढ्याच आवाजात पारखायचा. रात्रीचे साडेनऊ वाजलेत, शेजारच्या खोलीत आजी झोपली आहे, दार लोटलेलं आहे. त्या आवाजात जो ॲम्प चांगला वाटतो, तो तुमचा.

छोटा ॲम्प म्हणजे नेमका केवढा?

साधारण १ ते २० वॅट आणि ३ ते ८ इंची स्पीकर. फेंडर फ्रंटमॅन १०जी हा १० वॅटचा, ६ इंची स्पीकरचा. मार्शल एमजी१० तेवढ्याच ताकदीचा, स्पीकर साडेसहा इंची. ऑरेंज क्रश १२ मध्ये १२ वॅट आणि ६ इंच, तर क्रश २० मध्ये २० वॅट आणि ८ इंच. याहून लहान हवा असेल तर बॉस कटाना मिनी ७ वॅटचा, ४ इंची स्पीकरचा. ब्लॅकस्टार फ्लाय ३ तर तीन वॅटचा आणि तीन इंची. शाळकरी मूल एका हाताने उचलून दुसऱ्या खोलीत नेईल, एवढाच या सगळ्यांचा पसारा.

सुरुवातीला ॲम्प नसला तर चालत नाही का? नुसती गिटारही वाजते की.

वाजते, पण हाताला चुकीचं वळण लागतं. बहुतेक इलेक्ट्रिक गिटार भरीव लाकडाच्या असतात, त्यामुळे नुसत्या वाजवल्या की आवाज बारीक येतो. तो मोठा करायच्या नादात मूल तारेवर हात आपटायला लागतं, आणि सहा महिन्यांनी ती सवय सोडवताना नाकी नऊ येतात.

दुसरं नुकसान याहून मोठं. जी तार वाजवायची नाही ती गप्प ठेवणं, यात इलेक्ट्रिकचं निम्मं कसब आहे. उजव्या तळहाताची कड ब्रिजपाशी (गिटारच्या पोटावर तारा जिथे टेकतात तिथे) तारांवर टेकवायची, डाव्या बोटाचं टोक शेजारच्या तारेला जरासं लागू द्यायचं. ॲम्प नसेल तर मोकळ्या तारा मागे गुणगुणताहेत हे कानावरच येत नाही. मूल वर्षभर मजेत वाजवतं आणि पहिल्यांदा ॲम्प लावला की त्याला वाटतं गिटार बिघडली. म्हणून मी पालकांना सांगतो, गिटारचं बजेट थोडं कमी करा, पण ॲम्प त्याच महिन्यात घ्या.

किती वॅट पुरेत? दुकानदार म्हणतो २० तरी घ्याच.

घरासाठी दहा भरपूर झाले. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला "जरा वाढला" एवढंच जाणवतं. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यामुळे १० आणि २० वॅटमधला फरक दुकानातल्या चिठ्ठीवर दिसतो तेवढा खोलीत ऐकू येत नाही. एका वॅटमध्येसुद्धा साधा गिटार स्पीकर एका मीटरवर घरातल्या बोलण्यापेक्षा कितीतरी मोठा वाजतो.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. हे आकडे पाहिले की कळतं, खरी अडचण आवाज कमी पडण्याची नाही. तो कमी ठेवूनही चांगला लागतो का, हे बघायचंय. बॉस कटाना ५० सारख्या मोठ्या ॲम्पला ताकद थेट अर्ध्या वॅटवर आणायचं बटण दिलंय ते याचसाठी.

बँडमध्ये ड्रमसोबत वाजवायचं असेल तर मात्र दहा वॅटचा छोटा ॲम्प पुरणार नाही. पण ती गरज शिकायला लागल्यावर दोन-तीन वर्षांनी येते. तेव्हा वेगळा ॲम्प घ्या.

दुकानात गेल्यावर नेमकं काय करून बघायचं?

याला वेळ लागतो. पाऊण तास काढूनच जा. मुंबईतल्या धोबी तलावच्या फुर्टाडोजमध्ये जा नाहीतर तुमच्या गावातल्या दुकानात, शनिवारची संध्याकाळ टाळा आणि आठवड्याच्या मधल्या दुपारी जा. शेजारी कोणी कीबोर्ड वाजवून बघत असेल तर छोट्या ॲम्पचं काहीच कळत नाही.

स्वतःची गिटार न्या, स्वतःची केबल न्या. दुकानातली महागडी गिटार कुठल्याही ॲम्पमध्ये बरी वाजते आणि तुम्ही फसता. ॲम्प जमिनीवर असेल तर स्टुलावर ठेवायला सांगा किंवा तुम्ही खाली मांडी घालून बसा. स्पीकरचा तीक्ष्ण आवाज सरळ रेषेत जातो. ॲम्प पायाशी असला की तो तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतो, कानाला नाही. दुकानात गोड वाटलेला ॲम्प घरी टेबलावर ठेवल्यावर कर्कश लागतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

आता गेन (आवाज किती फाडायचा ते ठरवणारा नॉब) शून्यावर, ट्रेबल आणि बास मध्यावर, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ॲम्प चालू करा. काही वाजवू नका. कान स्पीकरपाशी न्या. बारीक सूं आवाज सगळ्यांनाच असतो, पण तो दोन हातांवरून ऐकू यायला नको.

मग सगळ्यात महत्त्वाची कसोटी. व्हॉल्यूमचा नॉब दोन बोटांत धरून केसाकेसाने वर न्या आणि दर वेळी एक साधी कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले काही सूर, हळूच वाजवून बघा. आवाज पायरी-पायरीने वाढायला हवा. काही ॲम्पमध्ये शून्याच्या जरा पुढे काहीच ऐकू येत नाही आणि मग एकदम भक्कन आवाज येतो. माझा पहिला ॲम्प असाच होता. दुकानात तो मोठ्या आवाजात वाजवून दाखवला, मी भारावलो आणि घेऊन आलो. घरी रात्री कळलं की त्याला दोनच आवाज येतात: बंद आणि मोठा. वडील पहाटेच्या पाळीला जायचे, त्यामुळे दहानंतर मी गिटारचाच व्हॉल्यूम उतरवून वाजवायचो. त्याने आवाज कमी व्हायचा, पण वरचा तजेला निघून जायचा आणि कांबळ्याखालून वाजवल्यासारखं वाटायचं. जवळजवळ वर्षभर मी माझीच गिटार धड ऐकली नाही. ही कसोटी मी आता कुणालाच चुकवू देत नाही.

आवाज घरच्याइतका ठेवूनच पुढे जा. एक कॉर्ड अगदी हलकी वाजवा, मग तीच जोरात. फरक नुसता लहान-मोठ्याचा नसावा. जोरात वाजवल्यावर आवाजाला थोडी धार यायला हवी. हाताचा जोर जो ॲम्प ऐकतो तो शिकणाऱ्याला शिकवतो. दोन्ही वेळा सारखाच आवाज देणारा ॲम्प मी घेऊ देत नाही, मग त्यात कितीही सोयी असोत.

शेवटी जाड सहाव्या तारेवर पहिल्या फ्रेटपासून (गिटारच्या दांड्यावरची आडवी पट्टी) बाराव्यापर्यंत एकेक सूर वाजवत जा, आवाज जरा वाढवून. एखाद्या ठरावीक सुरावर पेटी खडखडते, मागची पट्टी किंवा हँडल थरथरतं. हातांनी दाबून बघा कुठून येतंय. स्क्रू घट्ट करून थांबत असेल तर हरकत नाही. स्पीकरच्या आतून येत असेल तर दुसरा नग मागा.

स्पीकर ६ इंची की ८ इंची?

परवडत असेल तर ८. सहाव्या मोकळ्या तारेचा मूळ सूर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो आणि छोट्या पेटीतला ६ इंची स्पीकर तो ताकदीने देऊ शकत नाही. तरी आपल्याला सूर ओळखू येतो, कारण वरच्या स्वरांशांवरून मेंदू तळ स्वतः भरून काढतो. त्यामुळे ६ इंचीवर चुकीचा सूर ऐकू येत नाही, फक्त आवाज उथळ आणि डबीतला वाटतो. बासचा नॉब पूर्ण फिरवून हे सुधारत नाही, उलट स्पीकर फडफडतो. शिकायला ६ इंची चालतो. माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्यावरच वाजवतात.

मुलाला मेटल वाजवायचंय. डिस्टॉर्शन कसं तपासायचं?

डिस्टॉर्शन म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज. आवाज फाटणं आणि आवाज फाडणं यात फरक आहे. पहिला स्पीकरचा दोष, दुसरं संगीत. ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे आवाज फाडायचं, बटण दाबा, गेन मध्यावर आणा, आणि जाड दोन तारांवर पॉवर कॉर्ड (दोनच सुरांची कॉर्ड) वाजवा. ती कुठल्याही ॲम्पवर बरी वाजते. आता तशाच गेनवर सहाही तारांची जी मेजर कॉर्ड वाजवा. आतले सूर वेगवेगळे कळतात का? की नुसता लगदा होतो? थोडा लगदा होणारच, पण तारा वरून खाली एकेक करत छेडल्यावरही कुठली तार वाजली हे कळत नसेल तर त्या ॲम्पचा गेन दिखाऊ आहे.

इथे शिक्षक म्हणून एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. माझ्याकडे एक मुलगा यायचा, घरी कायम गेन पूर्ण आणि वर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. घरी त्याला स्वतःचं वाजवणं फार आवडायचं. वर्गात मी त्याला माझ्या साध्या ॲम्पच्या क्लीन, म्हणजे आवाज न फाडणाऱ्या, चॅनेलवर तोच तुकडा वाजवायला सांगितला. तार ओढून सूर चढवायची जागा आली आणि सूर अर्ध्यातच राहिला, प्रत्येक वेळी. सूर पोचत नाही हे त्या गोंगाटात त्याला कधी कळलंच नव्हतं. तो रडवेला झाला. मग आम्ही ठरवलं, रोजची पहिली वीस मिनिटं क्लीन, नंतर हवा तेवढा गेन. दीड महिन्यात सूर जागेवर आला. म्हणून मेटल वाजवणाऱ्यासाठीसुद्धा मी आधी क्लीन चॅनेल तपासतो.

साधा ॲम्प की मॉडेलिंगवाला?

साध्या ॲम्पमध्ये चार-पाच नॉब असतात आणि ते जे लिहिलंय तेच करतात. फ्रंटमॅन १०जी वर व्हॉल्यूम, गेन, ट्रेबल, बास आणि ओव्हरड्राइव्हचं बटण, झालं. रिव्हर्बही नाही. मॉडेलिंगवाले ॲम्प वेगवेगळ्या जुन्या-नव्या ॲम्पच्या आवाजाची संगणकी नक्कल करतात; फेंडर मस्टँग एलटी२५, पॉझिटिव्ह ग्रिड स्पार्क, यामाहा टीएचआर ही त्यातली प्रसिद्ध नावं. यामाहाने २०११ मध्ये टीएचआर आणला तोच मुळी घरातल्या टेबलावर, कमी आवाजात वाजवण्यासाठी, आणि त्या कामात तो खरंच सरस आहे. दोन छोटे स्पीकर असल्यामुळे त्यावर साथीचं गाणंही नीट ऐकू येतं.

माझं मत विचाराल तर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला पहिल्या वर्षी साधाच द्या. मॉडेलिंगवाला दिला की तासातली चाळीस मिनिटं आवाज शोधण्यात जातात. नोकरी करणारी, रात्री अकरानंतरच वेळ मिळणारी मोठी माणसं शिकायला येतात, त्यांना मात्र मी मॉडेलिंगच सुचवतो. त्यांचा सगळा सराव हेडफोनवर होणार असतो आणि तिथे हे ॲम्प साध्यांना खूप मागे टाकतात.

हेडफोनवर आवाज माशी घोंगावल्यासारखा का येतो?

गिटारचा स्पीकर मुळात साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ देतच नाही. तो एक प्रकारची गाळणी आहे. हेडफोन सगळंच ऐकवतो, म्हणून डिस्टॉर्शनचा वरचा चोथा कानात येतो. चांगल्या ॲम्पच्या हेडफोन जोडणीत ही गाळणी मुद्दाम बसवलेली असते. दुकानात हे तपासायलाच हवं: हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतो का, दोन्ही कानांत आवाज येतो का, ओव्हरड्राइव्ह सहन होतं का.

हेडफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथवर आवाज जरा उशिरा पोचतो. गाणं ऐकताना ते कळत नाही, पण स्वतः तार छेडून सूर मागून आला की लय सुटते. मोबाइलवरचं गाणं ब्लूटूथने ॲम्पमध्ये सोडायला काही अडचण नाही, कारण तिथे तुम्ही गाण्याला धरून वाजवता.

ॲम्प चालू केला की घूं असा आवाज येतो. खराब आहे का?

बहुतेक वेळा ॲम्प चांगला असतो, घराची वायरिंग बोलत असते. आधी गिटारच्या तारांना हात लावा. आवाज कमी झाला तर गिटारमधली जोडणी ठीक आहे. मग गिटार घेऊन जागेवरच गोल फिरा. एखाद्या दिशेला घूं कमी होत असेल तर गिटारचे सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारी, तारेच्या एकाच वेटोळ्याची चुंबकं) जवळच्या ट्रान्सफॉर्मरची किंवा वायरची चाहूल घेताहेत. पंख्याचा रेग्युलेटर, दिव्याचा डिमर, स्वस्त चार्जर एकेक करून बंद करा. आमच्या वर्गात पंखा तीनवर असला की करकर आणि पाचवर पूर्ण शांत, असं वर्षानुवर्षं चाललंय.

तारांना किंवा नॉबला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र लगेच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या वाड्यांत, चाळींत तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. घूं जातो म्हणून कोणी अर्थची पिन काढून टाकायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात आणि त्यांवर तुमचे दोन्ही हात असतात.

मामा अमेरिकेहून ॲम्प आणणार आहेत. चालेल?

ॲम्पच्या मागच्या पट्टीवर काय छापलंय त्याचा फोटो आधी मागवा. तिथे नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर तो आपल्या २३० व्होल्टला थेट लावल्यावर जळेल. पिन बदलणारा ॲडॉप्टर व्होल्ट बदलत नाही. वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तो जड असतो आणि कधी कधी स्वतःच गुणगुणतो. ॲम्प बाहेरच्या ॲडॉप्टरवर चालणारा असेल आणि त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर निर्धास्त आणू द्या. वॉरंटी इथे मिळेल का, हेही विचारा.

मंडळाचा साउंड सेट किंवा घरातला कीबोर्डचा ॲम्प वापरला तर?

आवाज येईल, इजा होणार नाही, पण गिटार गिटारसारखी लागणार नाही. त्यात ट्वीटर, म्हणजे बारीक तीक्ष्ण आवाजाचा छोटा स्पीकर, असतो, जो वरचा सगळा खरखरीत भाग उघडा पाडतो. शिवाय माइकच्या जोडणीत गिटार घातली की आवाज मवाळ आणि मेलेला येतो, कारण पिकअपला लागतो तसा प्रतिरोध तिथे नसतो. क्लीन वाजवण्यापुरतं, मधे मल्टी-इफेक्ट पेडल (गिटारच्या आवाजाला वेगवेगळे रंग देणारा पायाचा डबा) असेल तर, काम भागतं.

ट्यूबचा छोटा ॲम्प घ्यावा का?

ट्यूबचा म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांवर चालणारा. शिकायला नको. फेंडरचा चॅम्प हा सुमारे ५ वॅटचा ट्यूब ॲम्प विद्यार्थ्यांसाठीच निघाला होता आणि पन्नासच्या दशकात त्याला व्हॉल्यूमचा एकच नॉब होता. पुढे मोठमोठ्या वादकांनी तो स्टुडिओत वापरला. पण त्याची गंमत आवाज वाढवल्यावर आहे. ट्यूबचे पाच वॅट फ्लॅटमध्ये फार मोठे वाजतात.

जुना, वापरलेला ॲम्प मिळतोय. काय बघू?

प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवा. खरखर आली तर आत ओल किंवा धूळ गेली आहे; कोकणपट्टीत, गोव्यात हे हमखास दिसतं. काँटॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने बहुतेकदा निघते. केबल लावून जॅक हलकेच हलवा; आवाज तुटत असेल तर जॅकचा टाका सुटलाय, दुरुस्ती सोपी आहे, पण भाव पाडून घ्या. जाळीतून टॉर्च मारून स्पीकरचा कागद फाटलाय का, बुरशी आहे का बघा. मग अर्धा तास चालू ठेवा. गरम झाल्यावर आवाज बारीक होणारा ॲम्प घेऊ नका.

बॅटरीवर चालणारा हवा का?

जिथे लोडशेडिंग आहे किंवा मूल हॉस्टेलला जाणार आहे, तिथे उपयोगी. रोलंड मायक्रो क्यूब जीएक्स आणि कटाना मिनी दोन्ही सहा पेन्सिल सेलवर चालतात. चार्जिंगचे सेल घ्या.

आम्हा आईवडिलांना गिटारमधलं काहीच कळत नाही. दुकानात आम्ही काय तपासणार?

एक काम तुम्हीच करू शकता, मुलाकडून ते होणार नाही. त्याला वाजवू द्या आणि तुम्ही दोघं दुकानाच्या दाराबाहेर जाऊन उभे राहा. घरात स्वयंपाकघर त्याच्या खोलीपासून जेवढं लांब आहे, साधारण तेवढ्यावर. त्याला सांगा, तुला ऐकू येईल इतका, पण आम्ही दोघं हळू आवाजात बोललो तर एकमेकांचं कळेल इतकाच आवाज ठेव. मग दहा मिनिटं तिथेच गप्पा मारा. आत गेल्यावर त्याला विचारा, एवढ्या आवाजात मजा आली का. तो नॉबकडे बघत "थोडा वाढवू का?" म्हणाला तर पुढचा ॲम्प लावायला सांगा.